कपडा हातमा धरीसन

भाभी, भांडण अर्धवट टाकून निघून जायची तुमची ही पहिलीच वेळ.

एरवी तुमचं जेवण सूर्य बुडायच्या आत उरकायचं असे, म्हणून वादही त्याआधी मिटवायचा, हा तुमच्या कापडदुकानाचा नियम. ऊन समोरच्या भांडीवाल्याच्या पाटीवरून खाली उतरलं की गादीवरून उठता उठता तुम्ही म्हणायचात, "याय बुडी ऱ्हायना, गुरुजी. आते तुम्हना मुद्दा सकाय लई या." मी मुद्दा घरी न्यायचो आणि सकाळपर्यंत तो मलाच पटेनासा व्हायचा. त्या दिवशीही तुम्ही तसंच म्हणालात. या वेळी हार मानायची नाही असं ठरवून मी चांगली तीन कारणं कागदावर लिहिली आणि दहाच्या सुमाराला तळोद्याच्या बाजारात तुमच्या पायरीशी आलो. शटर अर्धं खाली होतं आणि पायरीवर चपलाच चपला. पहाटे झोपेतच गेलात म्हणे, कुणाला हाकही न मारता. तो कागद परवापर्यंत सदऱ्याच्या खिशात होता. सदरा धुवायला टाकला नव्हता.

आता जे लिहितोय ते सगळं तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण तुमच्यासमोर सलग चार वाक्यं बोलायला मिळण्याची माझ्यासाठी ही पहिलीच संधी आहे.

आपली ओळख टॉवेलवरून झाली. तीसेक वर्षं शाळेत मराठी शिकवून मी नुकता निवृत्त झालो होतो आणि वेळ कसा घालवावा ते न कळल्यामुळे बाजारात हिंडून नको त्या वस्तू घेत होतो. तुम्ही गाव विचारलंत. मी तापीकाठचं आमचं गाव सांगितलं. मग घर विचारलंत, मारुतीच्या देवळामागचं की नदीकडचं. मग आईचं नाव. मग टॉवेल तसाच गादीवर टाकून तुम्ही लाकडी घोडीवर चढलात, वरच्या फळीवरून साडीचं एक जुनं खोकं काढलंत आणि त्यातून पुठ्ठ्याची एक पट्टी. नव्या साडीच्या घडीत पुठ्ठा येतो ना, तो कात्रीने कापून केलेली. चष्मा पुसून तुम्ही वाचलंत:

"कोल्लं. भलतं कोल्लं लुगडं शे वं माय हाई, पह्यले याले पानी पाजा."

खाली माझ्या आईचं नाव, गावाचं नाव. आणि त्याच्याही खाली, ती काय करत असताना हे बोलली ते: कपडा हातमा धरीसन.

कोल्लं म्हणजे कोरडं. खळीने कडक झालेल्या नव्या लुगड्यावरून बोटं फिरवत आई म्हणाली असणार, याला आधी पाणी पाजा. तिला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिचा फोटो घरात होता, तिच्या पाटल्या बहिणीकडे होत्या, पण तिचं बोलणं कुणी जपून ठेवलं असेल, आणि तेही एका मारवाडी कापडदुकानात, हे कुणाच्या डोक्यात येणार. मी घसा खाकरला, शाळेत परीक्षकांसमोर उभं राहावं तसा ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "बरोबर आहे."

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "त्यास्ले वाचीसन दखाडानं ऱ्हायेल व्हतं," तुम्ही म्हणालात. "त्या परत उन्यातच नही."

टॉवेल मी तिथेच विसरून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तो न्यायला आलो आणि तेव्हापासून येतच राहिलो.

तुम्ही एकोणिसाव्या वर्षी राजस्थानातून सून होऊन तळोद्याला आलात तेव्हा इथल्या अहिराणीचं एक अक्षर तुम्हाला कळत नव्हतं. शेठजींची, म्हणजे तुमच्या यजमानांची, तब्येत तोळामासा, म्हणून वर्षाच्या आतच तुम्हाला गादीवर बसावं लागलं. आणि पहिल्याच आठवड्यात नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर काम करणारी ती बाई आली. मैदानभर मिरच्या वाळत घालायच्या, उलट्यापालट्या करायच्या, हे तिचं रोजचं काम. तिला लुगडं हवं होतं 'तिसरा दिननी मिरचीना रंगनं'. तुम्ही फळीवरचे सगळे लाल काढलेत. एकाला ती म्हणाली, "हाई ते आजच तोडेल शे." दुसऱ्याला म्हणाली, "हाई पंधरा दिन वायेल शे." दुपार गेली, ढीग पडला आणि शेवटी तिला पाहिजे तो तिसऱ्या दिवसाचा लाल सापडला. ती खुशीत निघून गेली. तुम्ही मात्र त्या ढिगाकडे बघत बसलात. इतके लाल आपल्या दुकानात होते आणि आपण सगळ्यांना एकाच नावाने हाका मारत होतो, हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. तुम्ही घडीतला पुठ्ठा काढलात, कापलात आणि तिचं बोलणं त्यावर उतरवून घेतलंत. ही गोष्ट तुम्ही मला किमान वीस वेळा सांगितली आणि दर वेळी ढिगातल्या साड्या वाढत गेल्या. मी कधी टोकलं नाही, याची नोंद घ्या.

पट्ट्यांचे नियम तुमचे तुम्हीच केलेले, आणि ते मोडायची सोय नव्हती. शब्द विचारून घ्यायचा नाही. तो आपसूक कानावर पडला पाहिजे. ज्याचा शब्द त्याने स्वतः लिहायचा नाही, दुसऱ्याने लिहायचा. खाली माणसाचं नाव आणि तो काय करत होता ते. आणि माणूस पुन्हा दुकानात आला की त्याला वाचून दाखवायचं. तो 'बरोबर' म्हणाला तरच पट्टी पक्की; तोवर ती खोक्यात कच्चीच, परत न आलेल्या माझ्या आईच्या पट्टीसारखी. हे वाचून दाखवणं त्याच दिवशी चालायचं नाही. माणूस दुसऱ्या कपड्यांत आला पाहिजे. तुम्ही कापडवाल्या, तुम्हाला लोकांचे दिवस त्यांच्या कपड्यांवरून लक्षात राहायचे.

खापर गावच्या बाजारात बैलांची घुंगरं आणि दोर विकणारे ते काका आठवतात का? त्यांची पट्टी तुम्ही वाचून दाखवलीत, गंज म्हणजे पुष्कळ, हा शब्द ते अमुक दिवशी गठुडं बांधताना बोलले. ते भडकलेच. "मी गंज कव्हयच म्हनस नही. चाला, आवरा, माले आठे गंज कामे शेतस." तुम्ही चेहरा अगदी गंभीर ठेवून दुसरा पुठ्ठा कापायला घेतलात. मी खांबामागे जाऊन हसलो. इतकं मनापासून मी निवृत्तीच्या निरोप समारंभानंतर प्रथमच हसत होतो.

मी तेव्हा तुम्हाला समजावू पाहत होतो की हे असं काम करत नाहीत. आपण गावोगाव जाऊ, म्हाताऱ्या माणसांना बसवून विचारू, यादी करू, एका वर्षात चारपट शब्द जमतील. तुम्ही गजाने कापड मोजत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ईचारं का शब्द इस्तरीना कपडा घालीसन येस, गुरुजी. माले घरमजारला कपडामा पाहिजे." मला राग आला. पुढे एकदा मी तुमच्या परोक्ष आमच्या गल्लीतल्या एका आजींना विचारून पाहिलं. त्या ताठ बसल्या, पदर सारखा केला आणि आकाशवाणीवरच्यासारखं शुद्ध बोलू लागल्या. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं.

डोंगरातल्या माणसांसाठी तुम्ही एक खोकं वेगळं ठेवलं होतंत. धडगावकडून जीप भरून माणसं यायची, आपसात पावरी बोलायची. एकदा मी उत्साहाने एक शब्द अंदाजाने लिहायला लागलो तर तुम्ही पट्टी माझ्या हातातून काढून घेतलीत. "जे कानले पुरं उमजस नही ते लिखानं नही." ते खोकं अजून रिकामं आहे. त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलंय, ज्याले येस त्यानासाठे.

बघणाऱ्याला आपली जोडी गमतीची वाटत असणार. तुम्ही मारवाडातून आलेल्या, आणि माझ्याशी बोलायच्या अहिराणी. मी तापीकाठच्या मातीतला, अहिराणी ऐकतच मोठा झालेला, आणि उत्तर द्यायचो पुस्तकी मराठीत. वसतिगृहात राहून शिकलो, नाशिककडची बायको केली, मग वर्गात उभा राहून पोरांच्या जिभा सरळ करत राहिलो. त्यात माझी जीभ कधी सरळ झाली ते कळलं नाही. अहिराणी मला सगळी समजायची. बोलायला गेलो की मात्र आधी मराठी वाक्य तयार व्हायचं आणि मग मी त्याला आईचे कपडे घालायचो.

त्या मुलीचं मी तुम्हाला सांगितलं होतं. पाचवीतली. उशिरा आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, मन्ही माय आजारी शे." मी म्हणालो, शे नाही, आहे. हे मी तुम्हाला सहज, जुन्या दिवसांची गंमत म्हणून सांगत होतो. तुम्ही हातातलं कापड खाली ठेवलंत.

"मंग ती काय बोलनी?"

"आजारी आहे, म्हणाली."

"आनि तिनी माय कशी व्हती?"

मी विचारलंच नव्हतं, भाभी. इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही मला बोल लावला नाहीत. पाणी मागवलंत, आणि मी विचारलं की तिचं वाक्य पट्टीवर घ्यायचं का, तर मान हलवलीत. "तुम्हना तोंडथीन ते मी कशी लिखू? तिले यी जाऊ द्या. कापड घेवाले येतीन कव्हय तरी." ती आता चाळिशीला आली असेल. त्या दिवसापासून दुकानात त्या वयाची बाई शिरली की मी उठून उभा राहतो, आणि तुमच्या गिऱ्हाइकांना वाटतं, गुरुजी किती सभ्य आहेत.

आता मुद्द्याचं बोलतो. मला त्या खोक्यांत यायचं होतं.

पट्ट्या तपासणारा म्हणून नव्हे, ते तर तुम्ही मला केव्हाच केलं होतंत. बोलणारा म्हणून. एक पट्टी, एक शब्द, खाली माझं नाव. आईच्या खोक्यात मिळाली तर फारच उत्तम. हे मी तुम्हाला एकदा स्पष्ट बोललोही होतो. तुम्ही हसला नाहीत. खरंखुरं उत्तर दिलंत आणि ते मला लागलं. "तुम्ही बोलाना पह्यले उलसं थांबतस, गुरुजी. थांबीसन बोलेल शब्द मी कशी लिखू? बाकीनास्ले काय सांगू?" बरोबर होतं तुमचं. मिरचीवाली थांबली नव्हती, घुंगरूवाले काका थांबले नव्हते, माझी आई थांबली नव्हती.

मग मी लबाड्या सुरू केल्या. एकदा दात घासताना आईचा शब्द आठवला, कव्हयमव्हय, म्हणजे कधीतरी क्वचित. दुकानात येईपर्यंत तो तोंडात घोळवत आलो आणि अगदी सहज आवाजात म्हणालो, "भाभी, आते माले आठे येवानं कव्हयमव्हयच जमस." रोज सकाळी दहाच्या ठोक्याला येणारा माणूस हे म्हणत होता. तुम्ही मान वरही केली नाहीत. "हाऊ शब्द घरथीन बांधी लई उनात."

दुसऱ्यांदा मी जास्त विचार केला. माणूस धडपडला की ठरवून बोलू शकत नाही, असा माझा सिद्धांत. तेव्हा पायरीवर मुद्दाम अडखळायचं आणि बघायचं काय बाहेर पडतं. अडखळलो तो नाटकात, पण पाय मुरगळला तो खरा. आणि कळ डोक्यात गेली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं आई गं." शुद्ध, प्रमाण, पाठ्यपुस्तकातलं. तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढावा लागला. मग स्वतः हळद कालवून लेप लावलात आणि म्हणालात, "आज खरं बोलनात. पन पुस्तकमजारलं." मी चार दिवस लंगडत होतो, आणि घरी बायकोला अजून खरं कारण माहीत नाही.

गेल्या वर्षी पुठ्ठ्यांना कसर लागायला लागली, तेव्हा सगळ्या पट्ट्या वहीत उतरवायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. तिथून आपलं शेवटचं भांडण सुरू झालं. मी म्हणत होतो, वही म्हटली की अ पासून सुरुवात. शोधणाऱ्याला शब्द सापडला पाहिजे. तुम्ही म्हणत होतात, खोक्यांप्रमाणेच. खोक्यांवर तुम्ही अक्षरं कधी लिहिलीच नव्हती. एकावर 'भाव करता करता', एकावर 'लेकरूले रागे भरता भरता', एकावर 'गठुडं बांधता बांधता', 'पानी पेता पेता', 'नुस्तं बशीसन', आणि ते एक 'कपडा हातमा धरीसन'. मी विचारलं, अहो, असा शब्द कुणाला सापडणार? तुम्ही म्हणालात, "शब्द कसाले सापडाले पाहिजे? मानूस सापडाले पाहिजे." हे ऐकायला छान आहे, पण कोश असा होत नाही. मी ते बोललो. तुम्ही ऐकलं नाहीत. महिनाभर रोज हेच चाललं होतं आणि मला, खरं सांगतो, दिवसातला तो सगळ्यात आवडता तास होता.

आणि मग त्या चपला.

तुमच्या उठावण्याच्या शोकसभेला सगळा बाजार लोटला होता. तिथे कुणीतरी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोललो. चांगलं बोललो, लोकांनी नंतर सांगितलंही. व्यासंग, तळमळ, योगदान. प्रत्येक शब्द इस्तरी केलेला. खाली बसलो तेव्हा तुम्ही समोर गादीवर असता तर कसं बघितलं असतंत ते मला दिसलं आणि लाज वाटली.

त्यानंतर बरेच दिवस मी बाजाराकडे फिरकलोच नाही. तुमची सून ममता दुकानात बसते आहे हे ऐकलं होतं. लग्न होऊन इंदूरकडून आली तेव्हापासून ती आपल्या पट्ट्यांकडे जरा लांबूनच बघायची. तिने एकदाही पट्टी लिहिली नव्हती. मला वाटायचं तिला हा पसारा नकोसा असणार. माझ्याकडे उतरवायला आणलेलं एक खोकं होतं, आईचंच. ते परत करायचं आणि यायचं, असं ठरवून परवा निघालो. तोच सदरा मुद्दाम घातला. तीन कारणं खिशात असलेली बरी, निदान खोक्यांना तरी वाचून दाखवता येतील.

दुकानात एक आजी साड्या बघत होत्या. ममताने मला बसवलं, पेलाभर पाणी दिलं आणि आजींसाठी एक पिवळी सुती साडी उलगडून गादीवर पसरली. मी तुमच्या जागेकडे न बघायचा प्रयत्न करत होतो. त्या नादात हात कसा हलला कोण जाणे, पेला कलंडला आणि सगळं पाणी त्या कोऱ्या साडीवर. मी झडप घालून साडी उचलली, दोन्ही हातांनी झटकायला लागलो आणि म्हणालो, "बठ्ठं वल्लं व्हई गयं. आते भाभी रागे भरतीन माले."

ओली साडी हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. आजी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या भाऊ, पानीच शे." मग त्यांनाही माझ्या तोंडाकडे बघून काहीतरी कळलं असावं, त्या पदराने साडीचं दुसरं टोक टिपायला लागल्या. तुम्ही नाही आहात हे मला तुमच्या दारातल्या चपलांनी कळलं नव्हतं, भाभी. उठावण्यात भाषण ठोकतानाही कळलं नव्हतं. तुम्ही रागावणार नाही, हे ध्यानात आलं तेव्हा कळलं. मी रडलो. सरळ, दुकानात, गिऱ्हाइकासमोर.

"गुरुजी," ममता म्हणाली, "परत बोलू नका काही."

मला वाटलं, मला सावरायला म्हणतेय. पण ती घोडीवर चढून पुठ्ठा आणि कात्री घेऊन खाली उतरत होती. अगदी तुमच्यासारखी तिने आधी कडा सरळ केली, मग पट्टी कापली. तिने लिहायला सुरुवात केली. शब्द लिहिला, वाक्य लिहिलं, माझं नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"आता हे कुठे घालू? पाणी पीत होता तुम्ही." तिने पेल्याकडे बघितलं. मग माझ्या हातांकडे.

भाभी, मला सांगता आलं असतं. माझ्या समोर गादीवरच आईचं खोकं होतं, त्याच्या झाकणावरची अक्षरं मला दिसत होती. जीभ अगदी दातांपर्यंत आली होती. पण विचारून घेतलेलं चालत नाही आणि सुचवून दिलेलंही चालत नाही, तुमचा नियम. मी आयुष्यात प्रथमच तोंड मिटून बसलो. ममता ओल्या साडीकडे बघत राहिली, अजून माझ्याच मुठीत होती ती. मग तिने खाली लिहिलं: कपडा हातमा धरीसन. तिच्या अक्षरातली पहिली पट्टी. मी विचारलं, तू कुठे शिकलीस हे सगळं? ती म्हणाली, "मम्मीजी आणि तुम्ही रोज एवढं भांडायचे, मी आतून ऐकायचे. मला वाटायचं, तुम्ही दोघं मला शिकवत आहात."

आपलं ते भांडण वाया गेलं नाही, एवढं तुम्हाला कळवायचं होतं.

वाचून दाखव, म्हणालो, तर नाही म्हणाली. "दुसऱ्या कपड्यात या." म्हणजे सदरा बदलणं आलं. घरी येऊन मी खिशातला कागद काढला आणि सदरा धुवायला टाकला. बायकोने काही विचारलं नाही, फक्त साबण जास्त घेतला.

आज दुपारी गेलो, निळा सदरा घालून. ममताने तुमचाच चष्मा लावला होता. नंबर जुळत नाही, डोळे बारीक करून वाचत होती. "वल्लं. बठ्ठं वल्लं व्हई गयं. आते भाभी रागे भरतीन माले." मग माझं नाव. मग माझं गाव. मग कपडा हातमा धरीसन. वाचून तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी नुसती मान डोलावली, कारण काही बोललो असतो तर तिने लगेच दुसरा पुठ्ठा कापायला घेतला असता.

आणि मग तिने खोकं उघडलं आणि माझी पट्टी नेमकी आईच्या पट्टीमागे ठेवली. मी तिला सांगितलं नव्हतं ती कुठली ते. एकाच गावच्या, म्हणून तिने शेजारी ठेवल्या.

माझी तीन कारणं मी फाडून टाकली आहेत. चांगली होती, तुम्हाला निरुत्तर केलं असतं. पण भाभी, माझ्या वहीत आई क पाशी बसली असती आणि मी पार व पाशी, मधे सगळा तळोद्याचा बाजार. तुमच्या खोक्यात आम्ही दोघं एकाच लुगड्याला हात लावून उभे आहोत. तिचं कोल्लं, माझं वल्लं.

वही खोक्यांप्रमाणेच होईल. निघताना बाहेर बघितलं तर ऊन अजून भांडीवाल्याच्या पाटीवरच होतं.